माझ्यावाचून कुणाचं अडतंय?

वाचकाचं पत्र

मी सातारा जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमाची व्यवस्थापिका आहे. आमच्याकडे 34 आजी-आजोबा राहतात. या जूनमध्ये एका देणगीदारांनी आश्रमाला 60 कुंड्या दिल्या. बागकामात म्हाताऱ्या माणसांचं मन रमतं असं आम्ही ऐकून होतो, म्हणून हौसेनं बाग मांडली, नारळ फोडला, फोटो काढले. आता दिवाळीही झाली, पण बागेकडे कुणी फिरकत नाही. आमचा माळी फार चांगला आहे, त्यानं एकही झाड मरू दिलेलं नाही. तरीही आजी-आजोबा व्हरांड्यात बसून फाटकाकडेच बघत असतात.

एक 81 वर्षांचे काका जन्मभर शेती केलेले. ते म्हणतात, ‘कुंडीत कसली शेती, बाई?’ स्मृतिभ्रंश झालेल्या एक आजी दिसेल ती कळी ओरबाडतात, पानं तोंडात घालतात, त्यावरून भांडणं होतात. चार माणसं मातीत हात घालू लागली होती, तर एकीच्या मुलाचा फोन आला, ‘आम्ही दरमहा पैसे भरतो आणि तुम्ही आईला राबवता?’ तेव्हापासून विश्वस्तही म्हणतात, हे बंद करा.

खरी मनापासून बाग करणारी एकच आजी होती. रोज अंघोळ झाली की आपल्या तुळशीला पाणी घालायची. सप्टेंबरात ती गेली. तिची कुंडी अजून तिथंच आहे, हलवायला कुणाचा हात होत नाही. काय करू?

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. माळी फार चांगला आहे, त्यानं एकही झाड मरू दिलेलं नाही. माझ्या मते तुमची अडचण याच वाक्यात आहे. जी बाग कुणाही आजी-आजोबांवाचून उत्तम चालते, तिच्याकडे त्यांनी कशासाठी फिरकावं?

मी व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) म्हणून वीसेक वर्षं वृद्धाश्रमांत जाते आहे. तिथं सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेलं वाक्य गुडघेदुखीचं नाही, मुलांच्या तक्रारीचंही नाही. ‘आता माझ्यावाचून कुणाचं अडतंय?’ हे ते वाक्य. ज्या बाईनं पन्नास वर्षं पहाटे उठून घर चालतं केलं, तिला आश्रमात चहा आयता, ताट आयतं, घडी घातलेले कपडेही आयते मिळतात. आपण ते प्रेमानं करतो. पण त्यातून तिला रोज एकच निरोप पोचतो, की तू उठली नाहीस तरी चालेल. बागकामाचा उपचार म्हणून उपयोग होतो तो इथं. नुसती हिरवाई बघून थोडं बरं वाटतं, हेही खरं. पण माणूस सकाळी अंथरुणातून उठतो तो आपण गेलो नाही तर मेथी सुकेल म्हणून.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या एका नर्सिंग होममध्ये एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी एक प्रयोग केला होता, तो 1976 साली प्रसिद्ध झाला. दोन मजल्यांवरच्या रहिवाशांना त्यांनी रोपं दिली. एका मजल्यावर सांगितलं, हवं असेल तर रोप घ्या, आवडेल ते निवडा, सांभाळायचं तुम्हीच. खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा, हेही तुमचं तुम्ही ठरवा. दुसऱ्या मजल्यावर रोप हातात दिलं आणि सांगितलं, पाणी नर्स घालतील, तुम्ही काळजी करू नका. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त हिंडती-फिरती, जास्त बोलती आणि उत्साही दिसली. दीड वर्षानंतरही फरक टिकून होता. त्या काळात पहिल्या गटातले 47 पैकी 7 जण वारले आणि दुसऱ्यातले 44 पैकी 13. आकडे लहान आहेत, त्यामुळे एवढ्यावरून झाड लावलं की आयुष्य वाढतं असं मी तुम्हाला सांगणार नाही, आणि विश्वस्तांना तुम्हीही सांगू नका. पण रोप दोन्ही मजल्यांवर होतं, हे लक्षात घ्या. पाणी कुणी घालायचं आणि ठरवायचं कुणी, यात फरक होता. तुमचा आश्रम आज दुसऱ्या मजल्यासारखा चालला आहे.

म्हणून पहिली गोष्ट माळीदादांशी बोलून करा. त्यांना काढू नका, कमी लेखू नका, उलट त्यांचं काम आता जास्त अवघड होणार आहे. साठपैकी पंचेचाळीस कुंड्या त्यांच्याकडेच राहू द्या. उरलेल्या पंधरांना त्यांनी हात लावायचा नाही. सुकताना दिसल्या तर पाणी न घालता ज्याची कुंडी त्याच्याजवळ जाऊन म्हणायचं, ‘आजी, तुमचा पुदिना मान टाकतोय बरं का.’ एखादी कुंडी मरेल. मरू द्या. ती आजी तुमच्यावर चिडेल, स्वतःवर चिडेल, नवीन रोप मागेल, आणि व्हरांड्यात गप्प बसण्यापेक्षा हे सगळं चांगलं आहे. एका आश्रमात मी ही शिस्त पाळायला सांगितली होती, तर रात्रपाळीच्या मावशी कुणाला कळू न देता पाणी घालत होत्या. मायेपोटीच. दोन महिने आम्हाला समजेना, की आजी आपल्या झाडाबद्दल एवढ्या बेफिकीर कशा. त्यांना माहीत होतं, झाड आपल्यावाचून जगतं.

चौतीस जणांचा कार्यक्रम करू नका. सहा जण पुरे, फार तर आठ. कोण येतं ते विचारा, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याचं ‘नको’ खरं माना. काहींनी जन्मभर उन्हातान्हात मजुरी केलेली असते. त्यांना माती म्हणजे कष्टच आठवतात, आणि आता सावलीत बसून राहणं हा त्यांचा हक्क आहे.

मग विचारा, काय लावायचं. हे विचारायचं मी स्वतः एकदा विसरले होते. नर्सरीतून रंगीत पानांची क्रोटन, शोभेची परदेशी झाडं घेऊन गेले, सुंदर मांडली. आठ दिवसांनी एक आजी जवळ येऊन हळूच म्हणाल्या, ‘अबोली नाही का यात?’ त्यांना गजरा करायचा होता. अबोली आणल्यावर त्यांच्या बोटांनी जो गजरा विणला, तो मी कुठल्याही व्यायामातून करून घेऊ शकले नसते. चिमटीत देठ धरायचा, दोऱ्याचा वेढा द्यायचा, दोन्ही हात एकमेकांच्या तालात चालवायचे. व्यायाम म्हणून सांगितलं असतं तर त्या दोन मिनिटांत कंटाळल्या असत्या. गजऱ्यासाठी अर्धा तास बसल्या.

सुरुवात मेथीनं करा. दिवस थंडीचे आहेत, हंगाम जुळतो. रात्री दाणे भिजत घाला आणि सकाळी पसरट ट्रेमध्ये किंवा जुन्या परातीला भोकं पाडून तीत पेरा. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात आणि महिन्याभरात भाजी कापायला येते. कोथिंबिरीचे धणे रगडून दोन फाकी करूनही उगवायला आठ-दहा दिवस घेतात. नवख्या किंवा खचलेल्या माणसाला तेवढा धीर नसतो, म्हणून कोथिंबीर नंतर. हात थरथरत असेल किंवा नजर अधू असेल त्याला बारीक बी देऊ नका, ते सांडतं आणि माणूस ओशाळतो. घेवडा, वाल, हरभरा असं बोटांना कळेल एवढं बी द्या. आणि पहिली मेथी निघेल त्या दिवशी ती आश्रमाच्या जेवणातच आली पाहिजे, ‘ही आजींच्या ट्रेमधली’ असं स्वयंपाकाच्या मावशींनी वाढताना सांगून. दोन घास जास्त जातात, हे मी बघितलं आहे. भाजी निवडायचं कामही त्यांनाच द्या.

आता तुमच्या काकांकडे येते. त्यांचं पत्रातलं वाक्य वाचून मला फार बरं वाटलं. ज्याला राग येतो त्याचं मन अजून जिवंत आहे. त्यांचं म्हणणंही बरोबर आहे. ज्यानं बैलं जुंपली, पाऊस हुकला तेव्हा आभाळाकडे बघत रात्री काढल्या, त्याच्यापुढे प्लास्टिकची कुंडी ठेवणं म्हणजे त्याच्या सगळ्या आयुष्याला लहान करणं आहे. त्यांना कुंडी देऊ नका, जमीन द्या. आश्रमाच्या मागं दहा फूट बाय दहा फूट मोकळी जागा निघतेच. नांगरायला, खणायला माळीदादा आहेत. काकांना फक्त एक विचारा: वाफसा आला का?

तुम्ही शेतकरी घरातल्या असाल तर तुम्हाला हे सांगायला नको. भिजवलेल्या जमिनीतलं पाणी जरा ओसरतं, मातीत ओल आणि हवा दोन्ही असतात, मूठ आवळली तर गोळा होतो आणि बोटानं दाबला तर फुटतो, तेव्हा पेरायचं. हे पुस्तकातून येत नाही, हातात असतं. काकांच्या हातात माती द्या आणि त्यांच्या तोंडाकडे बघा. ते ‘अजून दोन दिवस थांबा’ म्हणाले तर खरंच दोन दिवस थांबा, तुमचं वेळापत्रक काहीही म्हणो. उपचार तिथं सुरू होतो.

या दिवसांत हरभरा पेरता येईल. तीन-चार आठवड्यांनी त्याचे शेंडे खुडायचे असतात, म्हणजे फांद्या जास्त फुटतात, आणि त्या कोवळ्या शेंड्यांची भाजी होते. खुडायला वॉकर घेऊन चालणाऱ्या आजीही खुर्ची टाकून वाफ्याच्या कडेला बसू शकतात. पानांवरची आंब बोटांना लागते, ती चाखली की तोंड आंबट होतं. गावाकडच्या माणसाला एवढ्यावरून काय काय आठवतं, ते तुम्हाला ऐकायला मिळेल. त्या वेळी जवळ बसा. घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, भरले की ओल्या हरभऱ्याचा हुळा भाजा. तोपर्यंत काका तुमचे शेतीतले सल्लागार झालेले असतील आणि माळीदादांना दिवसातून चार वेळा हाका मारत असतील. माळीदादांना तेवढं सोसायला सांगा.

कळ्या ओरबाडणाऱ्या आजींबद्दल तुम्ही फार संकोचानं लिहिलं आहे. त्यांना खोडी काढायची नाही. त्यांच्या हातांना खुडायची सवय आहे. देवासाठी फुलं तोडली असतील, भाजी निवडली असेल. स्मृतिभ्रंशात नावं, तारखा, कालचं जेवण निसटतं, पण हातांनी शिकलेलं खूप उशिरापर्यंत टिकतं. म्हणून त्यांना अडवू नका, त्यांच्या हातांना त्यांची जागा द्या. चार-पाच कुंड्या फक्त खुडण्यासाठी म्हणून ठेवा: पुदिना, तुळस, पानओवा, झेंडू. जेवढं खुडतील तेवढं फुटतं. बाकीच्यांची फुलं जरा लांबच्या बाकावर हलवा, म्हणजे भांडणंही कमी होतील. या आजारात अनेकांची वासाची जाण सुरुवातीलाच कमी होते, तेव्हा नुसतं झाडाजवळ नेऊन ‘वास घ्या’ म्हणण्यात अर्थ नाही. पान हातात द्या, चुरगळू द्या.

पण त्या पानं तोंडात घालतात, हे मात्र मी फार गंभीरपणे घेते. आजच बागेत एक फेरी मारा. कण्हेर, पिवळी बिट्टी, धोतरा, एरंड आणि गुंज यांतलं काही असेल तर आवारातूनच काढा. ही जिवावर बेतणारी झाडं आहेत. शोभेचं डायफेनबाखिया जवळजवळ प्रत्येक नर्सरीवाला देतो, त्याचं पान चावलं तर तोंड-जीभ सुजते, कच्च्या अळवानंही घसा खवखवतो. सदाफुलीही पोटात जायला नको. गवती चहा हवाच असेल तर तो माळ्यांकडे राहू द्या, त्याच्या पातीच्या कडेनं म्हाताऱ्या माणसाची पातळ कातडी सहज कापते. खतं, औषधं कुलपात. तुमच्या बागेत रासायनिक फवारणीची गरजच नाही, पिठ्या ढेकूण आला तर निंबोळी अर्क पुरतो.

बाकी काळजी थोडक्यात सांगते, पण ती सोडू नका. वाकायचं कुणी नाही, कुंडी वर आली पाहिजे. जुनं टेबल, शाळेचा बाक, विटांवर टाकलेला कडप्पा, काहीही चालेल, अडीच फुटांच्या आसपास उंची ठेवा. व्हीलचेअरवाल्यांसाठी खाली गुडघे शिरतील अशी मोकळी जागा हवी आणि एका बाजूनं काम करायचं तर वाफा दोन फुटांपेक्षा रुंद नको, हात पोचत नाही. पाण्याचा पाइप रस्त्यात कधीही पडलेला नको, माझ्या अनुभवात बागेत माणसं पडतात ती पाइपात पाय अडकून किंवा शेवाळावरून. भरलेली मोठी झारी जड होते, त्यापेक्षा अर्ध्या लिटरची बाटली घ्या आणि झाकणाला भोकं पाडा. खुरप्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली की संधिवाताच्या बोटांना ती धरता येते. बसलेलं माणूस उठताना आधी मिनिटभर खुर्चीतच थांबू द्या, बीपीच्या गोळ्यांवर असलेल्यांना एकदम उठल्यावर चक्कर येते. मधुमेह असलेल्यांना आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांना हातमोजे द्या, पायांत बंद चप्पल-बूट हवेतच, कारण त्यांना काटा टोचलेला कळत नाही किंवा रक्त लवकर थांबत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कुणाला कधी दिलं होतं, ते आश्रमाच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. कुंडीखालच्या ताटल्यांतलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून ताटल्या घासायच्या, डेंग्यूचा डास तिथंच वाढतो. थंडीत ऊन वर आल्यावर बसायचं, उन्हाळ्यात मात्र सकाळी आठच्या आत उरकायचं.

मुलाचा फोन तुम्हाला लागला असणार. पण त्याच्यावर रागावू नका. आईला आश्रमात ठेवल्याचं ओझं त्याच्या मनावर आहे, आणि तिच्या हाताला माती लागलेली दिसली की ते वर येतं. त्याला फोनवर समजावू नका, रविवारी बोलवा आणि आईच्या बाजूला बसवून मेथी कापायला लावा. मात्र त्याच्या प्रश्नात एक खरा मुद्दा आहे, त्याला स्वच्छ उत्तर दिलं पाहिजे. आश्रमानं माळ्याचा पगार वाचवण्यासाठी हे करायचं नाही. भाजी विकून आश्रमाचा खर्च भागवायचा नाही, जे पिकेल ते पिकवणाऱ्यांचं, खायचं की वाटायचं ते त्यांनी ठरवायचं. कुणी एक दिवस आलं नाही तर का आलं नाही हे आपुलकीनं विचारायचं, हजेरी म्हणून नाही. हे कागदावर लिहून सगळ्या नातेवाइकांना पाठवा. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं ते बोटांची संवेदना गेलेल्या कुष्ठरुग्णांच्या हातांनी माळरान पिकवूनच. दानापेक्षा कामानं माणूस उभा राहतो हा त्यांचा आग्रह महाराष्ट्रानं डोक्यावर घेतला आहे. विश्वस्तांना याची आठवण करून द्यायला हरकत नाही.

त्यांना आणखी एक उदाहरण सांगा. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू बर्लिन नावाच्या छोट्या गावात बिल थॉमस या तरुण डॉक्टरांनी एका नर्सिंग होममध्ये शेकडो रोपं, भाजीचा वाफा, कुत्री, मांजरं आणि शंभरेक पक्षी आणले. एकटेपणा, असहायपणा आणि कंटाळा हे तिथले तीन खरे आजार आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. तुमच्या विश्वस्तांना शंभर पक्ष्यांची कल्पना ऐकल्यावर पंधरा कुंड्या फार वाटणार नाहीत. तरीही त्यांच्याकडे बंद करायच्या निर्णयाऐवजी आठ आठवडे मागून घ्या. एक वही घाला: कोण आलं, किती वेळ बसलं, रात्री झोप कशी लागली, जेवण किती गेलं, स्वतःहून कुणाशी बोललं का. आधीचा एक आठवडाही याच पद्धतीनं लिहून ठेवा, नाहीतर तुलना करता येणार नाही. काहींच्या बाबतीत काहीही बदलणार नाही. तेही लिहा.

राहिली ती तुळस.

ती कुंडी कुणी हलवत नाही, याचा अर्थ तिच्याजवळून जाताना सगळ्यांना त्या आजी आठवतात. वृद्धाश्रमात माणूस गेलं की दुसऱ्या दिवशी पलंगावरची चादर बदलते, आठ-पंधरा दिवसांत नवीन माणूस येतं, आणि मागे राहिलेले मनात म्हणतात, आपलंही असंच होणार. तुमच्याकडे निदान एक कुंडी जागेवर राहिली. ती गुपचूप हलवू नका. तुळशीचं लग्न तोंडावर आलं आहे, यंदा ते याच तुळशीचं लावा. त्या आजींचं नाव मोठ्यानं घ्या. वृंदावन म्हणून दुसरं काही आणू नका, तीच कुंडी रंगवा. रंगवायला काकांना बोलवू नका, ते हरभऱ्यात असतील. खुडणाऱ्या आजींना बोलवा, त्यांना मंजिऱ्या खुडू द्या. वाळलेल्या मंजिऱ्या तळहातावर चोळल्या की बारीक काळं बी निघतं. ते कागदाच्या पुड्यांत भरा आणि ज्याला हवी त्याला एकेक पुडी द्या. उन्हाळा सरत आला की पेरता येईल.

आणि आजपासून कुणीही नवीन कुंडी घेतली की त्यांनाच विचारा, तुम्हाला बरं नसेल तेव्हा पाणी कुणी घालायचं? नाव त्यांनी सांगायचं, कुंडीवर तुम्ही दोन नावं लिहायची. ‘बरं नसेल तेव्हा’ एवढंच म्हणा. बाकीचं त्यांना कळतं.

काकांनी वाफशाबद्दल काय सांगितलं, ते मला नक्की कळवा.